दंतगुण : बावीसपैकी वीस

हवालदार (निवृत्त) ज्ञानदेव सखाराम महाडिक. विभाग : बँड. वाद्य : क्लॅरनेट. जन्मतारीख : एक जून एकोणीसशे एकोणसत्तर. उंची : एकशे सत्तर सेंटिमीटर. छाती : न फुगवता ब्याऐंशी, फुगवून सत्याऐंशी. दृष्टी : उत्तम. दंतगुण : बावीसपैकी वीस. हिरड्या : निरोगी. वर्तन : अनुकरणीय. शरीरावरील कायमची ओळखखूण : वरचा, डावा, पुढचा दात, कोपरा तुटलेला.

हे वर्णन सेवापुस्तकातलं आहे. पुस्तक ज्ञानूच्या घरी लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलं असतं. त्यातली जन्मतारीख हेडमास्तरांनी दिलेली आहे. त्या वर्षी गावात जन्मलेली सगळीच मुलं एक जूनला जन्मली. बाकी मजकूर मात्र मोजून लिहिलेला.

सैन्यात भरती होताना दातांना गुण मिळतात. पुढच्यांना एकेक, मोठ्या दाढांना दोन-दोन, आणि तेही वरचा-खालचा समोरासमोर भेटत असेल तरच. एकूण बावीस. चौदा पडले की उमेदवार देशाच्या वतीनं चावायला योग्य. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली ज्ञानूला वीस पडले, कारण अक्कलदाढा पूर्ण यायच्या होत्या. पुढं त्या आल्या, पण गुणपत्रिका सुधारून मिळाली नाही. ज्याच्या हिरड्या जबर पायोरियानं खाल्ल्या आहेत अशा उमेदवाराला परत पाठवावं, असंही नियमांत आहे. हे कलम ज्ञानूला लागू व्हायला पस्तीस वर्षं गेली, आणि तोवर त्याला परत पाठवणारं कुणी उरलं नव्हतं.

तुटक्या कोपऱ्याचं कारण ऊस. कडेगाव तालुक्यात ऊस कोयत्यानं तोडतात आणि दातांनी सोलतात. कोयता मागायला घरी जावं तर ऊस कुणाच्या रानातला हा प्रश्न निघतो, म्हणून मुलं दातांवरच भागवतात. बाराव्या वर्षी एका कांड्याच्या पेरानं ज्ञानूचा कोपरा उडवला. सरकारनं त्याची ओळखखूण केली आणि ज्ञानूला या गोष्टीचा थोडा अभिमान होता. बाकीच्यांच्या खुणा तीळ नाहीतर देवीचे व्रण अशा फुकट मिळालेल्या होत्या.

क्लॅरनेट वाजवायची रीत अशी. तोंडाकडचं टोक चोचीसारखं असतं. त्यावर वरचे पुढचे दोन दात टेकवायचे, खालचा ओठ आत दुमडून त्यावर रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी ठेवायची, आणि फुंकायचं. वाद्याचा काही भार उजव्या अंगठ्यावर, उरलेला त्या दोन दातांवर. चोवीस वर्षं संचलनांत, मेजवान्यांत आणि अंत्ययात्रांत या दोन दातांनी तो उचलला. सेवापुस्तकात त्यांच्या नावावर एकही रजा नाही.

शिकवायला थापा उस्ताद होते. उस्तादांना वरचे दात नव्हते. ते दोन्ही ओठ आत घेऊन वाजवायचे आणि वाजवताना त्यांचा चेहरा सहा महिन्यांच्या बाळासारखा दिसायचा. ज्ञानूनं एकदा बराकीत त्यांची नक्कल करून दाखवली. सगळे हसले, फक्त दारात उभे असलेले उस्ताद हसले नाहीत. क्लॅरनेट डोक्यावर धरून मैदानाच्या अकरा फेऱ्या झाल्या. फेऱ्या संपल्यावर उस्ताद म्हणाले, "नकल ठीक थी. सुर उतरा हुआ था."

दोन हजार बारा साली ज्ञानू घरी आला. दोन एकर ऊस, एक म्हैस, बायको विजयमाला आणि क्लॅरनेट. हायस्कूलमधले पेटी वाजवणारे सर बदलून गेले होते, तेव्हा सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीत वाजवायचं काम आपोआप त्याच्याकडं आलं. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत पूर्ण व्हावं असा नियम आहे. ज्ञानू बावन्नात संपवायचा. मुलं मागं राहायची आणि शेवटचा जयघोष वाद्य थांबल्यावर स्वतंत्रपणे करायची.

लगीनसराईत तो नानासोच्या ब्रास बँडात असतो. नानासोचं कडेगावात वेल्डिंगचं दुकान आहे. बँडात अठरा माणसं आणि तीन रंगांचे गणवेश, कारण तीन बँड मोडून हा एक झाला.

दातांची निगा ज्ञानू शिस्तीनं राखत होता. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवल्यावर मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. भाजायचं काम विजयमालाकडं. आळीतली पोरं खोकायला लागली की आज कुणाच्या घरी तवा चढलाय ते सगळ्यांना कळतं. ज्ञानू नोकरीत होता तेव्हा दर दोन महिन्यांनी तिची डबी पार्सलनं जायची. पार्सलावर 'दंतमंजन' असं लिहिलेलं असायचं, आणि त्यात काही खोटं होतं असं दोघांनाही आजतागायत वाटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दात लांब दिसायला लागले. ज्ञानूला वाटलं, वयानं वाढतात. मग दाढांत भाकरी अडकायला लागली, मग बोलताना समोरचा माणूस एक पाऊल मागं सरकायला लागला. यातलं काहीच त्यानं मनावर घेतलं नाही. मनावर घ्यावं लागलं ते गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तालमीला. चोच टेकवली की डावा दात किंचित वर सरकायचा आणि सूर तेवढाच खाली यायचा.

नानासोनं तालीम थांबवली.

"फौजी, दात हलतोय व्हय तुमचा?"

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमी फुंकताना तेवढा एकटाच ताल धरतोय."

अठरा माणसं हसली. नानासो पुढं म्हणाला, "न्हाई, चेष्टा ऱ्हाऊ द्या. ह्या सराईत तुमी झांजा धरा. क्लॅरनेटला मी कुपवाडचा एक गडी बघतो."

बँडात झांजा धरणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्याला काढून टाकायचं असतं पण जो नात्यातला असतो, त्याच्या हातात झांजा देतात. दात हलतो याचं ज्ञानूला फारसं दुःख नव्हतं. झांजांचं झालं. नानासोकडून महिन्या-दोन महिन्यांची मुदत मागून तो एसटीनं सांगलीला गेला.

विश्रामबागेत डॉक्टर अश्लेषा केळकर यांचा दवाखाना आहे. त्या फक्त हिरड्या बघतात, हे पाटीवर वाचून ज्ञानूला संशय आला होता.

"दात सोडून नुसत्या हिरड्यांचं येगळं डॉक्टर असतं व्हय, म्याडम?"

"पिकाचे असतात, तसे जमिनीचेही असतात ना काका. आ करा. शुगर आहे?"

"कारखान्यात हाय. अंगात न्हाई, तपासलीया."

डॉक्टर एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत घालत होत्या आणि मदतनीस पूजाला आकडे सांगत होत्या. सात. सहा. आठ. पुढच्या डाव्या दाताला नऊ. ज्ञानू तोंड उघडं ठेवून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं. चूळ भरल्यावर त्यानं विचारलं, "कितीपैकी?"

"काय कितीपैकी?"

"न्हवं, ते नऊ. सैन्यात आमाला एका दाढंला दोनच द्यायचे. पुढच्याला तर एक."

पूजा कागदाकडं बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "काका, हे मिलिमीटर आहेत. हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते. तीनपर्यंत चालतं."

"म्हंजे नापास."

"म्हणजे उशीर."

मग त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. दात जिथं असायचे तिथंच होते, पण ज्यात ते रोवलेले असतात ते हाड निम्म्याहून खाली गेलेलं. ज्ञानूला हे समजायला वेळ लागला नाही. पाटाच्या पाण्यानं बुडख्याची माती वाहून गेली की ऊस कितीही जाड असला तरी लोळतो.

"भर लावता येत न्हाई का?" त्यानं विचारलं. उसाच्या बुंध्याला माती चढवतात, त्याला तिकडं भर लावणं म्हणतात.

"येते. पण आधी तण काढावं लागतं."

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. आधी हिरडीखालची खोल सफाई, बधिर करून, चार बैठकांत. मुळांवर चढलेला दगडासारखा थर खरवडून काढायचा. दोन महिन्यांनी पुन्हा सळई. तरीही जिथं खोली पाचाच्या वर राहील तिथं हिरडी उचलून, डोळ्यांना दिसेल अशी सफाई करायची, खड्डा बरा असेल तर हाडाची भर घालायची, टाके. हलणाऱ्या दातांना आतल्या बाजूनं काचेच्या धाग्यानं एकत्र बांधायचं. ज्यांचं काहीच उरलं नाही ते काढायचे आणि तिथं पट्टीवरचा खोटा दात. स्क्रूवाले दात सगळ्यात शेवटी, हाड असेल, रोग दबलेला असेल आणि तंबाखू सुटलेली असेल तरच. ज्या जमिनीत खरा दात टिकला नाही तिथं खोटा पण टिकणार नाही. डाव्या पुढच्या दाताबद्दल त्यांनी 'पाहू' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

"आनि बरं कवा हुनार?"

"बरं नाही होत काका. ताब्यात राहतं. दर तीन महिन्यांनी यायचं, कायमचं."

"म्हंजे सीजफायर."

"हो. आणि मिश्री आजपासून बंद. मऊ ब्रश, दोनदा. सुरुवातीला थोडं रक्त येईल, घाबरायचं नाही."

थोडं म्हणजे किती, हे ज्ञानूनं विचारलं नाही. त्या दिवशी वरवरची सफाई झाली. खोल सफाईची पहिली तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली पडली, कारण डिसेंबरात ज्ञानूच्या उसाला तोड आली होती, आणि ऊसतोड टोळीची तारीख कुणाच्या हिरडीसाठी बदलत नाही.

ज्ञानूनं मिश्री बंद केली. सैन्यात माणसाला सवय सोडायचा हुकूम मिळाला की तो सोडतो. हुकूम कुणी दिला एवढंच बघतो. पंधराव्या दिवशी मोरीत थुंकलेलं पाणी लाल होतं. विसाव्या दिवशी जास्त लाल. विजयमाला भांडी घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"आवं, ह्ये काय! तोंड हाय का डाळिंब?"

"ब्रशनं येतंय."

"तीस वर्सं मिसरी लावली, कवा येक थेंब आलता का?"

ज्ञानूनं आठवून बघितलं. आला नव्हता.

"मग? मिसरीनं धरून ठिवलं हुतं, ब्रशनं खरडून काढलं. माजं बगा, अजून चिच्चोके फोडती मी."

पुरावा स्वच्छ होता. मिश्री होती तेव्हा रक्त नव्हतं, मिश्री गेली आणि रक्त आलं, मधे नवीन वस्तू आली ती एकच, ब्रश. कोणत्याही चौकशी समितीनं हाच निष्कर्ष काढला असता. ज्ञानूनं ब्रश खिडकीत ठेवला आणि डबी उघडली. पाचव्या दिवशी रक्त थांबलं. म्हणजे प्रयोगही पुरा झाला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूजाचा फोन आला.

"काका, उद्या येताय ना?"

"आता गरज न्हाई ताई. रगत थांबलं."

"कशानं?"

"घरगुती."

सव्वीस जानेवारीला हायस्कूलच्या मैदानात झेंडा चढला, मुलं सावधान झाली आणि ज्ञानूनं चोच दातांखाली घेतली. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत सूर एकदम खोल गेला, मग नुसती हवा आली, मग काहीच आलं नाही. मुलं गात राहिली. त्यांना वाद्याच्या मागं राहायची सवय होती, ती आता पुढं निघाली.

ज्ञानूच्या जिभेवर दात होता. राष्ट्रगीत चालू असताना माणसानं हलायचं नसतं, तोंडाकडं हात न्यायचा नसतो आणि थुंकायचं तर नसतंच. वाद्य खाली घेऊन तो सावधान उभा राहिला. हनुवटीवरून काहीतरी ओघळत होतं. सरपंच झेंड्याकडं बघत होते, हेडमास्तर घड्याळाकडं. पहिल्या रांगेतली एक मुलगी ज्ञानूकडं बघत गात होती, आणि तिनं एकही शब्द चुकवला नाही. जयघोष संपल्यावर ज्ञानूनं पाठ फिरवली, रुमाल काढला आणि दात त्यात घेतला. कोपरा तुटलेला तोच. नाव मिळवलेला दात आधी जातो असा काही नियम नाही, पण गेला.

खिशात रीडची रिकामी डबी होती. त्यानं दात तिच्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डबीसकट सांगलीला गेला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ब्रश, रक्त, डबी, पाचवा दिवस. रागावल्या नाहीत.

"काका, मोटारीच्या स्टार्टरचा फ्यूज सारखा उडायला लागला तर काय करता?"

"जाड तार घालतो."

"तेच केलंत. तंबाखू हिरडीतल्या शिरा आवळून टाकते. आत पू आहे, सूज आहे, पण रक्त बाहेर येत नाही. मिश्री सोडलीत तेव्हा शिरा मोकळ्या झाल्या आणि आजार दिसायला लागला. तुम्ही परत तार घातलीत."

शेतात ज्ञानूनं जाड तार दोनदा घातली होती आणि दोन्ही वेळा मोटार जळाली होती. सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण सांगली जिल्ह्यात तरी नव्हतं.

मग त्यानं डबी उघडून टेबलावर ठेवली. "ह्योच परत बसवा. ह्यो कागदावर हाय."

कागद म्हणजे कसला, हे कळायला डॉक्टरांना थोडा वेळ लागला. दात परत रुजणार नाही, त्या म्हणाल्या, पण मूळ कापून टाकून दाताचा वरचा भाग शेजारच्यांना धाग्यानं बांधता येतो. दिसायला तोच दात, तोच कोपरा. फक्त तो टांगलेला असेल, रोवलेला नाही.

"त्यावर क्लॅरनेट टेकंल का?"

"काय टेकेल?"

ज्ञानूनं टेबलावरचा नमुन्याचा ब्रश उचलला, उलटा धरून दातांखाली घेतला आणि दाखवलं. डॉक्टरांनी ब्रश काढून घेतला.

"आजपासून वरच्या दातांवर काहीही टेकवायचं नाही. टांगलेल्यावर तर नाहीच, खऱ्यांवरही नाही. उजवा वाचला तर नशीब."

"कवापर्यंत?"

"कायमचं."

एसटीत ज्ञानू खिडकीशी बसला होता. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. घरी विजयमालानं विचारलं, काय म्हनल्या? तो म्हणाला, "झांजा." तिला काही समजलं नाही, तिनं भाकरी वाढली, त्यानं दुधात कुस्करून खाल्ली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चार बैठका झाल्या. बधिर जबड्यानं ज्ञानू चारदा कडेगावच्या एसटीत बसला आणि चारदा त्याला वाटेत ओळखीचा माणूस भेटून बोलायचा आग्रह करून गेला. मिश्री या वेळी सुटली. विजयमालानं सोडली नाही, पण घरात तवा चढवायचा बंद केला. ती आता शेजारणीकडं जाऊन लावते आणि तोंड धुऊन घरी येते. मोरीतलं पाणी पुन्हा लाल झालं, महिनाभर राहिलं, मग फिकं होत गेलं आणि एक दिवस नुसतं पाणी आलं. ज्ञानूनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी बातमी नव्हती.

मे महिन्यात सळई फिरली. आठाचे पाच झाले होते, साताचे चार. मागच्या दोन दाढा कशालाच दाद देत नव्हत्या, त्या काढल्या. उजव्या पुढच्या दाताजवळचा खड्डा सातावर अडून बसला होता. जूनमध्ये तिथली हिरडी उचलली. डॉक्टरांनी लहान चमच्यानं पांढरी पूड घातली.

बधिर ओठानं ज्ञानूनं विचारलं, "भर?"

"भर."

"कुटली?"

"कारखान्यात तयार केलेली."

ज्ञानूनं मान हलवली. त्या भागात कारखान्यातून आलेल्या पांढऱ्या मालावर अविश्वास दाखवायची पद्धत नाही. टाके निघाल्यावर वरच्या पाच दातांच्या पाठीमागून काचेचा धागा गेला. लोळलेला ऊस चार-चारांत बांधून उभा करतात तसे ते उभे राहिले. मधली जागा तशीच राहिली, कारण टांगलेला दात ज्ञानूनं नको म्हटला होता. हिरडी भरून येईपर्यंत पट्टीचं माप घ्यायचं नव्हतं.

नागपंचमीला नानासोच्या बँडाला शिराळ्याची सुपारी होती. शिराळ्यात त्या दिवशी बँडाला एकच धून वाजवावी लागते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि ती क्लॅरनेटची असते. कुपवाडच्या गड्यानं ती वाजवली. खरं म्हणजे त्यानं की-बोर्ड आणला होता, त्यात क्लॅरनेटचं बटण होतं. ज्ञानू मागच्या रांगेत झांजा घेऊन चालत होता. निळा गणवेश झांजवाल्यांचा. त्याला तो आखूड झाला.

"फौजी, जरा हसून वाजवा की," नानासो ओरडला. "मयताला आलाय का?"

"हसलो तर खिडकी दिसती."

"दिसू द्या. नाग यील बघायला."

परतीच्या टेम्पोत सगळे पेंगत होते. ज्ञानू मागं बसला होता, कुपवाडच्या गड्याच्या की-बोर्डाशेजारी. त्यानं सहज वरचा ओठ आत घेतला, मग खालचा, आणि दोन्हींच्या मधे स्वतःचा अंगठा धरला. दात कुठंच लागत नव्हते. कितीतरी वेळ तो तसाच बसला. समोर बसलेला ढोलवाला जागा झाला, त्यानं फौजीला अंगठा चोखताना पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानू उसात जाऊन बसायला लागला. दोन्ही ओठ आत घेतले की ओठ तिसऱ्या मिनिटाला थकतात, आणि सूर निघतो तो आधी सूर नसतोच. विजयमाला बांधावर आली.

"म्हस आडलीया वाटलं कुनाची."

"वाजवतोय."

"मग लोकांस्नी सांगत जावा. शेजारच्या पप्पूच्या आईनं मशीसाठी चुना-गूळ घिऊन पोरगं पाठिवलंय."

आठवड्यानं मशीला शोधत कुणी येईना. ज्ञानू सांगलीला पट्टीचं माप द्यायला गेला तेव्हा क्लॅरनेट बरोबर घेऊन गेला. दवाखान्यात त्यानं वाजवलं. डॉक्टरांनी त्याच्या ओठांकडं एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या.

"दात कुठं टेकतात?"

"कुटंच न्हाई."

"हे कुणी शिकवलं?"

"आमच्या उस्तादांनी. तवा मी हसलोतो."

दिवसाला पंधरा मिनिटं, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं. दुखलं की बंद.

पंधरा ऑगस्टला हायस्कूलच्या मैदानात नानासोही आला होता, त्याचा मुलगा आठवीत आहे म्हणून. झेंडा चढला. ज्ञानूचा चेहरा सहा महिन्यांच्या बाळासारखा झाला, दोन-तीन मुलं हसली, सरांनी डोळे मोठे केले. मग वाजायला लागलं. संथ वाजलं, कारण दोन ओठांत तेवढंच बळ होतं. तिसरी ओळ आली आणि गेली. हेडमास्तरांच्या घड्याळाप्रमाणे एकोणसत्तर सेकंद लागले, म्हणजे सतरा जास्त. मुलं पहिल्यांदाच वाद्याबरोबर संपली.

नानासो गर्दी पांगल्यावर जवळ आला.

"सूर खाली हाय, फौजी."

"हाय. अकरा फेऱ्या मारल्यात त्याच्यासाठी."

"काय?"

"काय न्हाई."

नानासोनं मान खाजवली. "सराईला असं करू. पंदरा मिंटं क्लॅरनेट, पंदरा मिंटं झांजा. कुपवाडच्याचं बटन तसं बी पावसात चालत न्हाई."

"निळा गणवेश न्हाई घालनार."

"बरं, लाल घाला. झांजंला लाल, लोक काय म्हनतील ते म्हनू द्या."

नोव्हेंबरात ज्ञानू हयातीचा दाखला द्यायला कडेगावच्या बँकेत गेला. यंत्रावर अंगठा उठेना, खुरप्यानं रेषा गेल्या होत्या, म्हणून कारकुनानं कागदी अर्ज काढला आणि सेवापुस्तक मागितलं. पुस्तक दोन पिशव्यांतून बाहेर आलं. कारकुनानं बोट ठेवून वाचलं : वरचा, डावा, पुढचा दात, कोपरा तुटलेला. ज्ञानूचं तोंड मिटलेलं होतं.

"खूण हाय न्हवं?"

"हाय."

कारकुनानं त्या रकान्यात बरोबरची खूण केली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दात क्लॅरनेटच्या पेटीत, रीडच्या डबीत आहे.